मल्हारतात्यांची लग्गी

"महाराज, मी पंप सोडला बगा," गेणूबुवांच्या पायावरचं डोकं उचलत रंगूबाई म्हणाली. "तुमच्याच कृपेनं."

बुवा फेटा सारखा करत होते. हात तसाच कपाळाशी राहिला.

"कसला पंप, आक्का?"

"दम्याचा ओ. तोंडात मारायचा."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तुमीच की!" रंगूबाई हसली, अन् हसता हसता खोकली. "म्हंजी तोंडानं न्हाय सांगितलं. पर तुमच्याकडं बगून कळतंय की आमाला."

बुवा काही बोलणार, तोवर पाया पडणाऱ्यांचा मागून रेटा आला. माईकवरून कुणीतरी पुकारलं, "चला महाराज, काल्याच्या कीर्तनाची वेळ झाली." बुवा गादीकडं निघाले. जाताना दोनदा मागं वळून त्यांनी रंगूबाईकडं पाहिलं. तिला वाटलं, आपली भक्ती पावली.

गेणूबुवांना ऐन उमेदीत दमा होता, हे डाळजपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आता तेच बुवा उन्हाळ्याच्या सप्ताहात उभ्यानं गात, नाचत. नामानं दमा गेला, असं लोक सांगत. बुवांना कुणी विचारलंच, तर ते वर बोट करून हसत. लोकांना तेवढं पुरे होतं.

रंगूबाईचा जन्म चुलीपुढं गेलेला. त्यात ऊस गेला की चहूकडं पाचट पेटे आणि तिची छाती भात्यासारखी वर-खाली होई. बारामतीच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं, "काढा घ्या, प्राणायाम करा, देवाचं नाव घ्या, माझी कशालाच ना नाही. फक्त हा पंप सोडू नका." रंगूबाईनं त्यातलं पहिलं सगळं ध्यानात ठेवलं. पंपाची मात्र तिला लाज वाटे. गोठ्यामागं जाऊन, इकडंतिकडं बघून ती तो मारायची. एकदा लागला की मरेस्तोवर सुटत नाही, असं भावकीतल्या बाया म्हणत. मग सप्ताह बसला, आणि तिनं तो फळीवर टाकून दिला. सुनेनं, सोनलनं, तो गुपचूप आपल्या पर्समध्ये ठेवला.

आज सकाळीही सोनलनं विनवलं होतं. "आत्या, छाती वाजतीय तुमची. पंप घ्या, मग बसा कीर्तनाला."

"बुवांच्या म्होरं पंप मारू व्हय? देव काय म्हणंल?"

"देवाला दमा असता म्हंजी कळलं असतं त्याला!"

"गप गं, चाबरे," म्हणून रंगूबाई बायकांच्या बाजूला अगदी पुढं जाऊन बसली होती.

कीर्तनाला रंग चढला. टाळकरी पाऊल टाकू लागले. रंगूबाई वाट बघत होती ती एका क्षणाची. अख्खा मंडपच त्याची वाट बघत असे. ऐन भरात बुवा एकाएकी लोकांकडं पाठ करत, किंचित वाकत, तोंडाला उपरणं लावत. त्याच क्षणी मल्हारतात्या मृदंगावर अशी लग्गी सोडत, की मंडपाचे वासे घुमावेत. त्यावर सगळे टाळ कडाडत. बुवांना भरून आलं, हे ओळखून बायाही पदरानं डोळे टिपत. मग बुवा पुन्हा समोर वळत आणि धुऊन काढल्यासारखा लख्ख आवाज लागे.

ती लग्गी झाली की आपलीही छाती मोकळी होणार, असं रंगूबाईनं धरून ठेवलं होतं. पण आज श्वास आत जाईना. गळ्याची खळगी खोल खोल ओढली जाऊ लागली. ओठ कोरडे पडले. सोनलचा हात पर्सकडं गेला. रंगूबाईनं तो घट्ट दाबून धरला.

"थांब... बुवा... वळू देत."

बुवा वळले. उपरणं तोंडाकडं गेलं. मल्हारतात्यांचा हात मृदंगावर उचलला गेला. आणि वळता वळता उपरण्याआडून बुवांची नजर बायकांच्या पहिल्या रांगेवर पडली.

ते तसेच थांबले. मग हळूहळू परत लोकांकडं वळले. तोंडावरचं उपरणं त्यांनी खांद्यावर टाकलं.

"तात्या," धाप लागलेल्या आवाजात बुवा म्हणाले, "आज वाजवू नका."

तात्यांचा हात हवेतच राहिला. टाळ थांबले. माणसं एकमेकांकडं बघू लागली. लांब हायवेवरून एक ट्रक गेला, तेवढाच आवाज. बुवांनी बंडीच्या खिशातून काहीतरी काढून तोंडाशी धरलं. रंगूबाईचे डोळे पाण्यानं भरलेले, तिला धड दिसेना. पण माईक समोरच होता. त्यातून आवाज आला.

फुस्स.

बुवा तोंड मिटून, छाती भरून, डोळे झाकून क्षणभर थांबले. गोठ्यामागं ती थांबायची, अगदी तसेच. इतकी वर्षं मल्हारतात्या ती लग्गी कशासाठी सोडत होते, ते रंगूबाईला त्या शांततेत कळलं.

तिनं सोनलच्या हातावरची पकड सोडली. डाव्या हातावर उजवा ठेवून, काल्याच्या प्रसादाला धरतात तसा तिनं तळहात सुनेपुढं धरला.