पहिली टोपली

तल्हा निखाऱ्यांवर पापलेटं परतत होता आणि अशरफ बोलायला शब्द शोधत होता. “मलाही तुझ्या कंपनीत घे.” एवढंच तर म्हणायचं होतं. पण धाकट्या भावापुढे हात पसरायचा म्हणजे जिभेला जडच.

तल्हा त्याचा मावसभाऊ. दोघं दाभोळच्या खाडीकाठच्या एकाच गावातून कुवेतला आले. अशरफने मासळी बाजारात जागा मिळवली. तल्हाने मोबाईलवरून घरोघरी मासळी पोचवणारी कंपनी काढली. तेजीच्या दिवसांत गुंतवणूकदार तल्हाचा पत्ता विचारत यायचे, आणि अशरफला ते ऐकूनच कसंतरी व्हायचं. मग मंदी आली. गुंतवणूकदारांनी हात आखडले. कुवेतच्याच सलवा भागातल्या, तल्हाच्याच धंद्यातल्या दोन कंपन्यांना टाळं लागलं. आता याची पाळी, असं अशरफने मनाशी धरलं होतं. आणि गेल्या महिन्यात बातमी आली की तल्हाच्या कंपनीची किंमत वाढून वीस लाख दिनार झाली. त्या दिवशी अशरफच्या घशाखाली घास उतरला नाही.

त्या वीस लाखांचंच आज जेवण होतं. तल्हाने खैरानला समुद्राकाठचं घर एका दिवसासाठी भाड्याने घेतलं होतं. मासे मात्र अशरफचे. सकाळी लिलावात मंदी होती. अशा दिवशी तो जे नेहमी करतो तेच त्याने केलं होतं. त्याच्याच माणसाने, मुकेशने, पहिली टोपली चढ्या भावाने उचलली. मग बाकीच्या टोपल्यांची बोली तिथूनच सुरू झाली. एक टोपली सगळ्या रांगेचा भाव ठरवते. ती पहिली टोपली गुपचूप अशरफच्या गाडीत परत आली आणि आता निखाऱ्यांवर होती.

“तल्हाच्या असमाकडे बघा,” अशरफची बायको रबिया त्याच्या कानाशी लागली. “हातात एक बांगडी नाही. लग्नातल्या पाटल्यासुद्धा काढून ठेवल्यात. एवढा पैसा आला की सोनं मिरवावं लागत नाही. मिरवायचं आपल्यासारख्यांनी.”

 अशरफने पायाने वाळू उकरली.

तल्हाची मुलगी हिबा कलिंगडाचं ताट घेऊन आली. “चाचा, वीस लाख कसे झाले, यू नो?”

“तूच सांग, मास्तरीण.”

“हे सगळं कलिंगड म्हणजे अब्बांची कंपनी. याच्या शंभर फोडी. एका अंकलनी एक फोड घेतली, वीस हजारला. सो होल कलिंगड इज टू मिलियन!”

“आणि बाकीच्या नव्व्याण्णव फोडी कोणी घेतल्या?”

“नोबडी. त्या इथेच आहेत.”

सगळे हसले. अशरफही हसला, पण आत काहीतरी टोचलं. पोरगीसुद्धा किती हुशार निघाली याची! आपला पोरगा अजून पाढ्यांत अडखळतो.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. तो उठून तल्हाजवळ गेला.

“तल्हा, बाजारातली जागा विकतोय मी. फ्रीजरची गाडीही. गिऱ्हाईक ठरलंय, उद्या व्यवहार. सगळे पैसे तुझ्या कंपनीत घालतो. मलाही एक फोड दे.”

तल्हाचा हात थांबला. त्याच्या खिशातला फोन वाजला. दुपारपासून तो वाजत होता आणि तल्हा दर वेळी बंद करत होता. आताही त्याने तसंच केलं. मग तो अशरफकडे बघत राहिला. त्याचे ओठ “हो” म्हणायला उघडले, हे अशरफला स्पष्ट दिसलं.  पण तल्हाने खाली बघून पापलेट उलटलं.

“भाय,” तो हळूच म्हणाला, “पडत्या बाजारात तुझी पहिली टोपली कोण घेतं?”

“मुकेश. तुला काय ठाऊक नाही?”

“आणि पैसे कोणाचे?”

“पैसे माझेच की. तो कुठून—”

अशरफची नजर कलिंगडाच्या ताटावर गेली.

“जागा विकू नकोस,” तल्हा म्हणाला.

“घ्या ना भाय, गार होतंय,” म्हणत असमाने ताट पुढे केलं. तिच्या मनगटावर, जिथे लग्नापासून पाटल्या होत्या तिथे, उन्हाने अजून न रापलेला एक गोरा पट्टा होता.