बुटांवरची माती

सुचेताने पाय बाकाखाली ओढून घेतले. लाजच वाटली तिला. इतकी वर्षं सगळ्यांना बूट धुवायचे धडे देणारी बाई, आणि आज मळके बूट फक्त तिचेच.

समोर तिची मैत्रीण कश्मिरा आणि कश्मिराचा नवरा अनुराग उभे होते. इचिकावाहून आलेले, हातात कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातल्या कॉफीचे कप. शेजारी तिचा नवरा चंद्रहास. जपानातल्या बोसोच्या डोंगरांपाशी असलेल्या या चिमुकल्या स्टेशनाबाहेर चौघं हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच एकत्र भेटत होती. आणि तिघांचेही बूट लख्ख. तळाच्या खाचा, नाड्यांची भोकं, कुठे म्हणून मातीचा कण नाही.

आता ही काही साधी गोष्ट नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या एका राष्ट्रीय उद्यानात सहा दिवस पायी चालायचं, हे वेड सुचेताचं. पुण्यात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. नवऱ्याच्या नोकरीपायी टोकियोजवळ उरायासुला आली आणि झाडं उरली बाल्कनीतल्या कुंड्यांपुरती. पण टास्मानियातली हजार-हजार वर्षांची पाइनची झाडं एकदा चालत जाऊन बघायची, हे तिने मनात धरलं ते धरलंच. तिनेच या तिघांना नादी लावलं. दर रविवारी डोंगरावर नेलं आणि दर रविवारी बजावलं, की ऑस्ट्रेलियात मातीचे बूट चालत नाहीत. मातीतून एक रोग पसरतो, तिथली झाडं मुळापासून मारतो. विमानतळावर बुटांचे तळ तपासतात, वाटेला लागण्याआधी पुन्हा ब्रशने घासायला लावतात. तेव्हा जुना टूथब्रश घ्या आणि आत्तापासून सवय करा. पण पालथ्या घड्यावर पाणी! तिघं हसायचे, तिला बुटांची सासू म्हणायचे आणि चिखलाचे बूट तसेच पिशवीत कोंबायचे.

मग ऑक्टोबरात ती ओल्या दगडावरून घसरली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारीचं बुकिंग तर हातात होतं. हॉस्पिटलात पडल्यापडल्या तिने सांगितलं, तुम्ही तिघं जाऊन या, माझं मी पुढच्या वर्षी बघीन. अगदी मनापासून सांगितलं. पण कोणी ऐकेल तर ना. कश्मिराने तर डोळ्यांत पाणी आणलं. चंद्रहास म्हणाला, "तुझ्याशिवाय मी तिथे पाऊल ठेवणार नाही. आजच रद्द करून टाकतो."

या एका वाक्यावर सुचेताने अख्खा हिवाळा काढला. फेब्रुवारीत कंपनीने चंद्रहासला मॅनेजर लोकांच्या शिबिराला पाठवलं. ओसाकाच्याही पलीकडे, डोंगरातल्या कुठल्याशा मठात. तिथे म्हणे फोनसुद्धा काढून घेतात. मदतीला कश्मिराला बोलवावं, तर ती दोघं नणंदेच्या लग्नाला नागपूरला गेलेली. सुचेता कुबड्या सांभाळत कचऱ्याच्या पिशव्या खाली नेत राहिली, पण तिने कुरकुर केली नाही. आपल्यासाठी तिघांनी एवढं सोडलं, मग आपण एवढंही सोसू नये?

आज सकाळी चंद्रहासचे स्वच्छ बूट बघून तिला हसूच आलं होतं. मला जे सहा वर्षांत जमलं नाही ते मठातल्या भिक्षूंनी आठवड्यात करून दाखवलं, असं ती म्हणालीही. आता तिघांचे बूट बघून मात्र तिला भरून आलं. हे आपल्यासाठीच. आपण पुन्हा चालायला लागलो म्हणून या आळशांनी टूथब्रश हातात घेतला. डोंगरावर पोचल्यावर सांगायची म्हणून राखून ठेवलेली बातमी तिने तिथेच सांगून टाकली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. पुढच्या वर्षीचं बुकिंग उघडलं, की लगेच चौघांचं करून टाकायचं.

कश्मिरा कपाचं झाकण काढत होती, लावत होती. शेवटी अनुरागने तोंड उघडलं. एवढ्या लांब कशाला, जपानात काय डोंगरांना तोटा आहे, म्हणाला. शिवाय वर गेल्यावर तिथे वारा असा अंगावर येतो की धडधाकट माणसाचे पाय टिकत नाहीत, सॅकवरचं कव्हर उडून गेलं तर पुन्हा सापडत नाही. तिच्या गुडघ्याला ते कसं झेपायचं?

कश्मिराने त्याला कोपराने ढोसलं. ते सुचेताला दिसलं.

तिने पुन्हा तिघांच्या बुटांकडे पाहिलं. या वेळी सावकाश. नाड्यांच्या भोकांपर्यंत ब्रश कोणी मैत्रिणीच्या कौतुकासाठी घालत नाही. जातो म्हणाले असते तर तिने बसल्याबसल्या चिवडा करून बरोबर दिला असता. पण हा केसाने गळा कापला होता, आणि तोही तिघांनी मिळून.

"चंद्रहास," ती म्हणाली, "बुकिंग रद्द केलं होतंस ना तू?"

"केलं होतं गं."

"किती जणांचं?"

डोंगराकडे जाणारी बस येऊन थांबली. दार उघडलं. कोणी जागचं हललं नाही. चंद्रहासची नजर बाकाखाली गेली. तिच्या बुटांवर अजून ती घसरली त्या दिवशीची माती होती.

"एकाचं," तो म्हणाला.