कारखान्याचा वानवळा

नदीत मासे मरून वर आले, तेव्हा आम्ही भोयांच्या बायका त्यांची टोपली भरून थेट परदेशी कंपनीच्या मोठ्या साहेबापुढं गेलो. त्यानं नाकाला रुमाल लावला. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, तुमची लोकसंख्या फार, म्हणून घाण."

बरोबरच आहे की! आमच्या वस्तीतली वीस घरंच रोज पिंपं भरभरून ॲसिड ओततात ना नदीत!

मग साहेबानं फोनवर आपल्या गावची नदी दाखवली. नितळ पाणी, काठावर गळ टाकून बसलेला नातू.

"अगं बाई! एवढी स्वच्छ कशी हो?" हौसाआत्यानं विचारलं.

साहेब कौतुकानं बोलला. दुभाष्यानं खाली मान घालून सांगितलं, "आधी काळीच होती. तिथला कारखाना इकडं हलवला, मग निवळली."

आत्यानं टोपली साहेबाच्या टेबलावर ठेवली.

"नातवाला द्या म्हणावं. कारखान्यानं सासरहून वानवळा धाडलाय."