पाठीवरचे काटे

"सगळ्या एकाच जातीच्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकाच. बेचाळीसच्या बेचाळीस." सुनेनं मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. "रंग एक, माप एक, कंबरेला दोन-दोन गाठी. उद्या संग्रहालयाच्या बाई पेटी तपासायला येणार. मागच्या पेटीत एक चूक निघाली होती. या वेळीही निघाली, तर काम दुसऱ्याच्या हातात जाईल."

जेवणाच्या टेबलावर पेटी उघडी होती. प्रत्येक टाचणीवर कागदाचा त्रिकोणी तुकडा आणि त्याच्या टोकाला डिंकानं चिकटवलेली मुंगी. सासऱ्यांना ते नुसते ठिपके दिसत होते. पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी सुईत दोरा जाईना, तेव्हा मशीनवर चादर घातली. तेव्हापासून घरात कुणाच्या पायात न येता कसं बसावं, एवढंच ते शिकत होते.

"मी बघू का गं जरा?"

सुनेनं खुर्ची सोडली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे लावले आणि तिनं सांगितलं तसं बाजूचं चाक फिरवलं. मुंगीच्या पायावरचा केस न् केस दिसत होता. इतकं लख्ख त्यांना कित्येक वर्षांत काही दिसलं नव्हतं.

"दुसरी लाव," ते म्हणाले. मग तिसरी. सून हसत हसत टाचण्या बदलत राहिली.

सहाव्या मुंगीला त्यांनी हात वर केला. "थांब. हिला काटे आहेत. पाठीवर, कंबर सुरू व्हायच्या जरा वर, दोन. आधीच्या पाचही जणींची पाठ साफ उतरती होती."

"धूळ असेल, बाबा."

"धूळ दोन्ही बाजूंना मापात बसत नाही, पोरी."

सुनेनं वाकून पाहिलं. बारीक कुंचल्यानं मुंगीची पाठ झाडली. काटे जागेवरच होते. तिचा चेहरा उतरला.

"ही जातच वेगळी आहे. मी गाठी मोजल्या आणि पाठ बघितलीच नाही."

"अगं, उंची सारखी म्हणून एकाचा कोट दुसऱ्याच्या अंगावर चढतो होय? बस इथं. सगळ्या परत बघू."

ते "साफ" म्हणत किंवा "काटे" म्हणत. ती स्वतः एकदा खात्री करून टाचणी डावीकडे किंवा उजवीकडे टोची. संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "चहा नाही झाला?"

"तूच टाक," वडील मायक्रोस्कोपवरूनच म्हणाले. "तीन कप. आम्ही कामात आहोत."

उजवीकडे अकरा जमल्या. सुनेनं त्यांच्यासाठी नखाएवढ्या नव्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

"काय लिहितेस? मला काही दिसत नाही."

तिनं पहिली चिठ्ठी भिंगाखाली सरकवली. वर जातीचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'ओळख पटवली', आणि पुढे दोन नावं. पहिलं तिचं. दुसरं त्यांचं, आडनावासकट.

ते बराच वेळ डोळे लावून बसले. चहा समोर आला, त्यावर साय धरली.

"आडनावाची वेलांटी जरा तोकडी झालीय," अखेर ते म्हणाले. "पण बसलंय बरोबर."