अननसाच्या नक्षीची पिशवी

क्रोशाची सुई पुन्हा हातातून घरंगळली. या वेळी ती खाटेखाली गेली, आणि सोलेदादने ती काढून द्यायला कुणालाच सांगितलं नाही.

तिच्या मांडीवर अर्धी पिशवी होती. तळ विणून झाला होता, त्यावर अननसाच्या नक्षीची सुरुवात झाली होती आणि तिथून दोरा लोंबत होता. अर्धांगाचा झटका आला त्या सकाळपासून तो तसाच लोंबत होता. सोलेदादचा उजवा हात आता पेजेचा चमचाही धरत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हाताची सवय करा. सोलेदाद म्हणाली होती, या वयात कसली सवय.

बेबेंग दारात येऊन उभी राहिली. बाजारात तिचं मासळीचं दुकान होतं. पालिकेने प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्यापासून सोलेदादने विणलेल्या सुती पिशव्या तिच्याच दुकानात टांगलेल्या असत.

"कशी आहेस, ताई?" ती म्हणाली. "रोज कुणी ना कुणी तुझी पिशवी मागतं. परवा एक बाई तक्रार करत होती, म्हणे पिशवीला भोकंच फार, माझ्या घरी काय शिजणार ते सगळ्या गल्लीला दिसतं. मी म्हटलं, मग जरा मोठा मासा घेत जा की."

खाटेशी बसलेली लिगाया हसली. ती सोलेदादची एकुलती एक मुलगी. शहरात औषधाच्या दुकानात काम करायची, आईसाठी रजा काढून आली होती. सोलेदाद मात्र हसली नाही.

"ही घेऊन जा." तिने मांडीवरची पिशवी डाव्या हाताने पुढे सरकवली. "खालच्या गल्लीतल्या पुरिंगला दे. ती करील पूर्ण. सुताची टोपलीही ने."

"टोपली कशाला? हात बरा झाला की तुलाच लागेल."

"हात बरा व्हायचा नाही. सुई खाटेखाली गेलीय, तीही काढून ने."

बेबेंगने लिगायाकडे पाहिलं. लिगाया आल्यापासून बघत होती. भरवलेले घास आई निमूट गिळायची, पण डाव्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा उचलायची नाही. सकाळ झाली की तेवढी ती पिशवी मांडीवर मागून घ्यायची. पिशवी आणि टोपली घरातून गेली तर आई भिंतीकडे तोंड करून पडेल, आणि मग तिला उठवणं कुणाला जमणार नाही, हे लिगायाला स्वच्छ दिसत होतं.

तिने वाकून सुई काढली. फ्रॉकला पुसली. बेबेंगने हात पुढे केला होता, पण लिगायाने सुई तिला दिली नाही. तिने आईच्या मांडीवरची पिशवी उचलली, आतली बाजू बाहेर केली आणि सुई डाव्या हातात धरली.

"उलटी धरलीस," सोलेदाद म्हणाली.

"मला उलटीच धरावी लागते. तुझ्या दिशेने विणायला गेले तर हात अडतो."

लहानपणी लिगायाने अशी डाव्या हातात सुई धरली की सोलेदाद ती काढून घ्यायची. कधी बोटांवर चापटही मारायची. डाव्या हाताने नक्षी उलटी पडते, अशी पिशवी कोण घेणार, म्हणायची. उजव्या हाताने पोरीला साधी साखळीही जमेना. मग सोलेदादने तिला शिकवायचं सोडूनच दिलं.

आता ती साखळी सरसर निघत होती. साखळीवर उभ्या टाक्याचा खांब, खांबाशेजारी खांब. अननसाचा रुंद बुंधा भरला आणि जाळी वर निमुळती होऊ लागली. सोलेदाद उशीवरून पुढे झुकली.

"तिथे साखळी सैल ठेव. नाहीतर अननस आवळतो."

"ठेवलीय."

सोलेदादने नीट पाहिलं. ठेवली होती.

"माझे मासे तिकडे उन्हात पडलेत," बेबेंग म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

नक्षीचा शेंडा आला तेव्हा सोलेदादचा डावा हात चादरीवरून उचलला गेला होता.

"दाखव मला," ती म्हणाली. "सावकाश."

लिगाया खाटेवर तिच्या शेजारी बसली. पिशवी तिने उशीला टाचणीने टाचली. दोरा आईच्या उजव्या हाताच्या बोटांभोवती गुंडाळला. ती बोटं वळत नव्हती, पण दोरा ताणून धरण्यापुरती उपयोगी होती. मग सुई आईच्या डाव्या हातात दिली आणि त्यावर आपली मूठ मिटली. पहिला फास निसटला. दुसराही निसटला. पुढचा राहिला. बेबेंगने सुताची टोपली उचलून पुन्हा खाटेशी ठेवली आणि बाजाराकडे निघून गेली.

"तुला शिकवलं कुणी?" सोलेदादने सुईवरची नजर न काढता विचारलं. "शहरातल्या बायकांनी?"

"तूच."

"मी कुठे शिकवलं? मी विणायला बसले की तू माझ्याकडे पाठ करायचीस. आरशापुढे केस विंचरत बसायचीस, तासन् तास. नटवी म्हणून किती बोलले असेन तुला."

लिगायाने आईच्या बोटांवरचा दोरा जरासा सैल केला.

"केसांसाठी नव्हते बसत, आई," ती म्हणाली. "आरशात तू डावखुरी दिसायचीस."