कुंपणातली खाच

कनेटिकटच्या आमच्या घरापुढे बाबांनी बार्बेरीचं काटेरी कुंपण लावलं होतं. भांडी घासता घासता आईला खिडकीतून आमची शाळेची बस दिसावी, म्हणून ते कात्रीने त्यात मधोमध एक खाच राखायचे. आम्ही त्या खाचेतून डोकावलो की पलीकडून कात्री वाजवून ओरडायचे, "नाक सांभाळा!"

बाबा गेले, घर विकलं, कुंपणही गेलं. पण त्याची लाल फळं पाखरांनी केव्हाच रानात नेली होती. आता तिथे बार्बेरीपुढे दुसरं काही तगत नाही. परवा गावातल्या लोकांबरोबर ती उपटायला मी आणि माझा धाकटा भाऊ हॉलिस गेलो.

"हौस बाबांची आणि कंबर मोडतेय आपली," तो कुरकुरला. मग एकदम थांबला. "ताई, हे बघ."

ऐन रानात एक झुडूप सरळ रेषेत कापलेलं होतं. मधोमध खाच. कापलेल्या फांद्यांचा पिवळा गाभा अजून ओला होता.

"इथवर आपल्याआधी कुणीच आलेलं नाही गं."

आम्ही वाकून खाचेतून पाहिलं. तेवढ्यात पलीकडे कात्री वाजली, आणि आम्ही दोघांनी एकदमच नाकं मागे घेतली.