एकीच्या दंडावर दोन खुणा

आरोग्य केंद्रात सगळ्यांचे दंड तपासत होते. सिस्टरनी यशवंतच्या जुळ्या मुलींच्या बाह्या वर केल्या. चारूच्या दंडावर बीसीजीच्या दोन खुणा होत्या, नीराच्या दंडावर एकही नव्हती. सिस्टरनी मुलींना बाकावर बसायला पाठवलं.

"भाऊ, एकीलाच दोनदा टोचलंय."

यशवंतची बायको सुमती तान्हेपणी दोघींना एकसारखीच झबली घालायची. सुमती गेल्या महिन्यात नव्या तापाने गेली. लहानपणीच्या याच लसीने ज्यांच्या शरीराचा पहारा तयार झाला होता, तीच माणसं या तापातून उठत होती.

"मग नीराला आत्ता टोचा की!"

"टोचते. पण शरीराला शिकायला वेळ लागतो. तोवर तिला चारूपासून लांब ठेवा."

"चारूला काय झालंय? ती तर चांगली हुंदडतेय."

"तीच तर भीती आहे. ताप तिच्या अंगात असला, तरी ती हुंदडतच राहील."

यशवंतने वळून बाकाकडे पाहिलं. चारूने पेरूचा चावा घेतला आणि उरलेला नीरापुढे धरला.

"नीरा, नको!" तो ओरडला.

नीराने दचकून त्याच्याकडे पाहिलं. तिचं तोंड भरलेलं होतं.